पाकिटाच्या पाठीवर

पार्बताबाई कुळमेथेने पाकीट काउंटरवर ठेवलं.
पाठीवर बारा आकडे,
निळ्या बॉलपेनाने दोनदा गिरवलेले.
त्याखाली पॅन. त्याखाली मोबाईल.
पत्ता बिचारा पुढच्या बाजूला, कोपऱ्यात, अंग चोरून:
मुख्याधिकारी, नगरपरिषद, घाटंजी.

आत डीडी.
सरकारी दवाखान्यात आया होती तेव्हा बांधलेल्या
टिनाच्या खोलीची दोन वर्षांची घरपट्टी.

बाई, हे बाहेर काहून लिवलं?

"मांगच्या खेपी भरले न् भाऊ पैसे,
थे म्हनतात, भेटलेच नाई.
त्याइच्या रजिस्टरात तीन पार्बता.
आता साहेबानं पाकीट हातात घेतलं का
मी दिसली पाह्यजे."

आणि तिने बाही वर केली.
मनगटाच्या वर हिरवट, पसरलेली अक्षरं,
त्यातला र आता नुसता डाग.
जत्रेला नेण्याआधी आईने गोंदवून घेतलेलं नाव.
आईला वाचता येत नव्हतं, गोंदणारीलाही नाही;
कोतवालाने कोळशाने भिंतीवर लिहून दिलं
आणि तिने ते मोर काढावा तसं उतरवलं.
"हारपली तं कोनी तरी वाचन,
म्हने माही माय."

मी तिला हात मोजून दाखवले.
हा माझा. मग थैली नेणारा चिंधू.
मग एसटीचा कंडक्टर, तालुक्याला छाटणीवरचे दोघे,
मग आवक लिहिणारा रोजंदारीचा पोरगा,
मग टोपली, मग रद्दीवाला,
मग कुणाच्या तरी फुटाण्याची पुडी.
नाव वाचलं तर माणूस हाक मारते, बाई.
नंबर वाचणारा हाक मारत नाही.
तो तुमच्या नावानं सिम घेते,
अन् तुमाले पत्ता लागत नाई.

"अन् वाचनारा चांगला असला तं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
एकोणीस वर्षं मी या खिडकीत बसतो.
चांगलाच असेन बहुतेक.
तरी मला पाठ आहे
गेडाम गुरुजींच्या पॅनचं शेवटचं अक्षर,
सोनटक्क्यांच्या परत आलेल्या पोरीचा नवा मोबाईल,
वारलेल्या दोन माणसांचे पेन्शनचे नंबर.
मी मागितलं नव्हतं.
तिकीट लावताना डोळे रिकामे असतात, एवढंच.

मी नवं पाकीट काढलं.
डीडीच्या मागे तिच्याकडून लिहून घेतलं
नाव, वॉर्ड, घराचा क्रमांक.
घरपट्टीला घराचा नंबर पुरते, माणसाचा कायले?
पण ती झेरॉक्स सोडेना.
मग पहिले आठ आकडे काळे केले, चार ठेवले,
आडवं लिहिलं: फक्त घरपट्टीकरिता, आणि तारीख.
तिने खाली सही केली, सावकाश,
हातावरच्या नावाकडे पाहत.

"अर्धं तोंड झाकल्यावानी दिसते," ती म्हणाली.
उन्हात पोरी दुपट्टा बांधतात ना गाडीवर, तसं.
ज्याला ओळखायचं तो ओळखते.

ती हसली नाही. पावती मात्र तीनदा पाहिली,
आणि चार घड्या करून बटव्यात सुपारीखाली ठेवली.
जुनं पाकीट तिने तिथंच फाडलं,
आकड्यांच्या बाजूने आधी,
चिंध्या मुठीत घेतल्या. चुलीत घालीन म्हणाली.

पायरी उतरता उतरता वळली.
"तुले तं पाठ नाई झाला ना रे?"

नाई, मी म्हटलं.

रात्री लाईट गेली. अंगणात खाट टाकली.
बारा आकडे आले आणि
खाटेच्या पायथ्याशी रांगेत उभे राहिले.
मी सातव्याला मुद्दाम चुकलो.
पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलो.
तिसऱ्यांदा मात्र